जोडीचा गोळा

मिशनवाडीत चतुराबाईशी वाकडं घ्यायला कुणी धजत नसे. तशी बाई किडकिडीत, आवाज हळू, भांडणात शिवी म्हणून तोंडातून निघायची नाही. शेजारच्या धुरपताबाईची शेळी मेथीत शिरली, तर त्या दिवशी ती चकार शब्द काढायची नाही. पुढं कधीतरी धुरपताबाईकडं सोयरिकीचे पाहुणे बसलेले असताना, हातात कपबशी धरून, ती त्या शेळीची गोष्ट अशी काही रंगवून सांगायची की पाहुण्यांच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं आणि धुरपताबाईला कुठं बघावं ते सुचायचं नाही. राग तिच्याकडं उतू जात नसे, मुरत असे. अशा बाईच्या वाटेला किशनराव गेले, आणि हे त्यांना पुढं कितीतरी वर्षं कळलंसुद्धा नाही.

मिशनवाडी म्हणजे जिंतूर रस्त्याच्या कडेला पडलेली ख्रिस्ती माणसांची वस्ती. एक दवाखाना, एक मंदिर म्हणजे चर्च, दवाखान्याची कोठी आणि बाकी मातीची घरं. चतुराबाई राणीसावरगावची. लग्न होऊन इथं आली ती सूर्यभानच्या घरी. सूर्यभानकडं दवाखान्याची बैलगाडी होती. परभणीच्या स्टेशनावरून औषधांची खोकी आणायची, रस्त्यावर अडलेली बाळंतीण उचलून आणायची, आणि वाटेत बैलांशी गप्पा मारायच्या, हे त्याचं आयुष्य. माणूस इतका भोळा की बैलसुद्धा त्याला फसवून वाटेत दोनदा जास्त पाणी प्यायचे. नवरा-बायकोला मूलबाळ झालं नाही. चतुराबाईनं जो काही जीव लावायचा तो त्या एकाच माणसाला लावला होता.

मिशनवाडीचा नाताळ मात्र सगळ्या तालुक्यात बोलला जायचा, आणि तो काचेच्या गोळ्यांमुळं.

दवाखान्याच्या गोऱ्या डॉक्टरीणबाईला सगळे मड्डम म्हणत. त्यांच्या देशातून दर वर्षी नाताळाआधी एक खोकं यायचं. त्यात भाताच्या पेंढ्यासारख्या कागदाच्या चिंध्यांत गुंडाळलेले नवे काचेचे गोळे असायचे. गोळे हे नुसतं नाव. त्यात घंटा असत, पाखरं असत, द्राक्षांचा घोस असे, आणि एक खवलेदार फळ असे, ते आमच्याकडं कुणी पाहिलेलं नव्हतं म्हणून सगळ्यांनी त्याला सीताफळ ठरवून टाकलं होतं. लाल डगल्यातला मिशाळ शिपाई होता, त्याला हवालदार म्हणत. अंड्याच्या टरफलापेक्षा पातळ काच, आतून चांदी चढवलेली, आणि डोक्याला पितळी टोपण. टोपणावर चांदणी कोरलेली. एखादा गोळा फुटलाच, तर मड्डम काचा पुरून टाकायच्या, पण टोपण तेवढं डब्यात जपून ठेवायच्या.

टांगायला विलायती झाड कुठून आणणार? मड्डमनी पहिल्याच वर्षी आजूबाजूला पाहिलं आणि बाभळीची मोठी फांदी तोडून आणवली. ती चुन्यानं पांढरी केली की काटे असे चमकायचे की बघत राहावं. शिवाय गोळा अडकवायला काट्यासारखी सोय नाही. तेव्हापासून मिशनवाडीला बाभळीशिवाय नाताळ म्हणजे नाताळच वाटेनासा झाला.

दर घरानं एक गोळा टांगायचा. नाताळाच्या आदल्या रविवारी, दुपारची उपासना झाली की पाळक एकेक घराला हाक मारायचे, आणि घरातलं मोठं माणूस पुढं येऊन आपला गोळा फांदीला लावायचं. पण मड्डम होत्या हुशार. वस्तीतली भांडणं सोडवून सोडवून त्यांचं डोकं उठलं होतं. त्यांनी एक नेम घालून दिला. ज्या दोघांचं भांडण आहे त्यांनी आपापला गोळा लावायचा नाही. दोघांनी मिळून एकच गोळा हातात धरायचा, काय झालं होतं ते सगळ्यांपुढं बोलायचं, आणि मग दोघांच्या हातांनी तो टांगायचा. याला जोडीचा गोळा म्हणत. जोडीचा गोळा लागला की भांडण मेलं. पुन्हा कुणी ते काढायचं नाही, घरात नाही आणि पाणवठ्यावरही नाही. आणि जोवर लागत नाही, तोवर भांडणाऱ्यानं मंदिरात दाराजवळ बसायचं. प्रभुभोजनाला पुढं यायचं नाही, लेकराच्या बाप्तिस्म्याला नाही, लग्नातही नाही.

नेम चांगला होता. त्यातली गोम एवढीच की तो करणाऱ्याला फार स्वस्त पडायचा. एखाद्यानं कुणाचा बांध कोरायचा, कुणाच्या पोरीची बदनामी करायची, आणि डिसेंबरात येऊन डोळ्यांत पाणी आणून काचेच्या पाखराला हात लावायचा. पुढच्या वर्षीचं मैदान मोकळं.

किशनराव दवाखान्याच्या कोठीचे कारभारी होते. इस्त्रीचा सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, वाचता येत असल्यामुळं मंदिरात शास्त्रपाठ त्यांचाच. माणूस दुष्ट म्हणावा असा नव्हता. भित्रा होता. आणि भित्र्या माणसानं केलेलं नुकसान दुष्टाच्या दसपट असतं, कारण तो ते झाकायला आणखी चार कामं करतो.

मड्डम कायमच्या आपल्या देशी जाणार होत्या, त्या वर्षीची गोष्ट. शेवटचा नाताळ म्हणून खोकं मोठं आलं होतं. सूर्यभाननं ते स्टेशनावरून गाडीत घातलं, खाली कडबा अंथरला, वाटभर बैलांना जपून हाकलं आणि कोठीच्या दारात किशनरावांच्या हातात दिलं. बघायला तिसरं कुणी नव्हतं. दोन दिवसांनी मड्डमनी विचारलं, खोकं आलं का? किशनराव म्हणाले, "न्हाई मड्डम. सूर्यभान रिकामाच आला."

"तुमच्या हाती दिलं की, किशनराव!" सूर्यभान म्हणाला. त्याला वाटलं, हे विसरलेत. तो त्यांना आठवण करून द्यायला लागला. "तुमी पान खायलता. हात पुसून घेतलं नव्हं का तुमी?"

"मी पान खातच न्हाई कोठीत," किशनराव म्हणाले.

त्या वर्षी जुनेच गोळे लागले. मग माघात परभणीचा उरूस भरला. मिशनवाडीची बरीच माणसं गेली, आणि तिथं एका दुकानावर काचेचे गोळे टांगलेले दिसले. झालं! हेच ते, आपलेच ते, असं जो तो म्हणायला लागला. खोकं कुणी उघडलं नव्हतं, आत काय होतं हे मड्डमलासुद्धा माहीत नव्हतं, पण कुणीच न पाहिलेल्या गोळ्यांची ओळख सगळ्या वस्तीला जागच्या जागी पटली. उरुसात, गणपतीत, लग्नाच्या मांडवात असले गोळे हैदराबादेहून येऊन सर्रास लागतात, हे त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. सूर्यभाननं खोकं विकलं, असं ठरलं.

मंडळीची, म्हणजे मंदिराच्या सभासदांची, बैठक बसली. सूर्यभान हात जोडून एवढंच म्हणाला, "माझं आन किशनरावचं भांडण हाय म्हणा. जोडीचा गोळा द्या आमाला. मी समद्याम्होरं बोलतो, त्येनी बी बोलावं."

किशनराव उठून उभे राहिले. "भांडण असलं तर गोळा," ते म्हणाले. "ही चोरी हाय. चोराच्या हाताला हात लावून मी गोळा धरणार न्हाई."

लोकांनी माना हलवल्या. सूर्यभानला मंडळीबाहेर काढलं. गाडी गेली, बैल गेले. मागच्या ओळीत बसलेली चतुराबाई किशनरावांच्या तोंडाकडं बघत होती. ते तोंड घामानं भिजलं होतं, आणि दिवस थंडीचे होते. तिनं ते बघून ठेवलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल काय सांगायचं, ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे. सूर्यभान देवगाव फाट्याकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. बैलांशी बोलायची सवय असलेला माणूस, तो दगडांशी बोलायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी हातोडी बाजूला ठेवून तो ढिगाला टेकून बसला आणि उठलाच नाही. मंडळीबाहेरचा म्हणून त्याला मिशनच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाबाहेर, कडेला खड्डा खणला. प्रार्थना म्हणायला पाळक आले, पण कुंपणाच्या आतूनच. चतुराबाई रडली नाही. घरी येऊन तिनं चूल पेटवली आणि ज्यात शिजवायला काही नव्हतं ते भांडं वर ठेवलं.

त्याच उन्हाळ्यात दवाखान्याची विहीर आटली, तेव्हा कोठीच्या आवारातली जुनी विहीर उपसायचं ठरलं. ती वर्षानुवर्षं बंद होती. आवाराला दार, दाराला कुलूप आणि किल्ली किशनरावांच्या कमरेला. गाळ काढणाऱ्यांना गहू मिळायचा, म्हणून चतुराबाईही टोपली घेऊन उभी राहिली. आतले गडी टोपल्या वर द्यायचे आणि ती बांधाच्या पलीकडं नेऊन रिकाम्या करायची. एक टोपली उलटली आणि चिखलात काहीतरी चमकलं. लाल. मग हिरवं. तिनं हात घातला तर बोटाला काच लागली आणि रक्त आलं. चिवडत गेली तसा काचांचा खच निघाला, आतून चांदी चढवलेल्या, आणि टोपणं. चांदणी कोरलेली पितळी टोपणं, एक नाही, मूठभर.

तिला सगळं एकदम कळलं. खोकं ह्याच्या हातून पडलं. मड्डम रागावतील म्हणून भ्याला. इथं आणून टाकलं. एवढंच. एवढ्यासाठी.

कुणी विचारेल, मग तिथंच बोंब का मारली नाही? धुरपताबाई टोपली घेऊन दहा पावलांवर उभी होती. पण चतुराबाईनं क्षणभर विचार केला आणि पुढचं सगळं तिला दिसलं. किशनराव रडतील. हातून चूक झाली म्हणतील. पाळक म्हणतील, आपण सगळेच पापी. डिसेंबरात दोघांच्या हातात एक घंटा नाहीतर सीताफळ देतील, आणि ते काट्यावर अडकलं की सूर्यभानचं मरण त्या घटकेला संपेल. पुन्हा कधी तोंडातून काढायचं नाही. तिला हा स्वस्ताईचा सौदा नको होता. तिला न्यायही नको होता, खरं सांगायचं तर. तिला सूड हवा होता, आणि तो किशनरावांना सगळ्यात महाग पडेल त्या दिवशी हवा होता. तिनं टोपणं पदराच्या टोकाला बांधली, बोट तोंडात घातलं आणि पुढची टोपली घ्यायला गेली.

वर्षं गेली. मड्डम गेल्यावर किशनरावांचं प्रस्थ वाढलं होतं. त्यांना चतुराबाईची दयाही आली. माणसाला आपण बुडवलेल्याची दया फार लवकर येते. त्यांनी तिला मंदिर झाडायचं काम मिळवून दिलं. नाताळाआधी गोळे काढून मऊ फडक्यानं पुसायचे, हेही तिच्याकडंच आलं.

"लय उपकार झाले, किशनराव," ती म्हणायची.

"त्यात काय वैनी, आपलेच तुमी," किशनराव म्हणायचे. आणि त्यांना रात्री बरी झोप लागायची.

ती गोळे पुसायची. पाखरं, घंटा, हवालदार. एकही कधी तिच्या हातून फुटला नाही. प्रत्येक टोपणावरची चांदणी ती अंगठ्यानं घासायची, आणि कमरेच्या चंचीत, सुपारीच्या कप्प्यात, दुसरी टोपणं होती. मंडळीबाहेरच्याची बायको म्हणून तिच्या घराला टांगायला गोळा मिळत नव्हता. तिनं मागितलाही नाही.

किशनरावांना एकच लेक, मालन. आई लहानपणी गेलेली, त्यामुळं बापानं तिला डोळ्यांत तेल घालून वाढवलं. दुष्काळात ही पोर ओढणीखाली भाकर लपवून चतुराबाईला आणून द्यायची, बापाला न सांगता. चतुराबाई ती भाकर खायची. पोरीवर तिचा जीवही होता. हे दोन्ही खरं होतं, आणि म्हणून पुढचं अवघड झालं.

शहात्तर साली मालनचं लग्न जमलं. जालन्याकडचा मुलगा, शाळेत मास्तर, मोठं घर. लग्न नव्या वर्षात, मिशनवाडीच्याच मंदिरात. बापानं लेकीचा हात धरून तिला दारापासून पुढच्या मेजापर्यंत न्यायचं आणि नवऱ्या मुलाच्या हातात द्यायचं, ही आमच्याकडची रीत. किशनराव तो दिवस वस्तीभर सांगत सुटले होते. नवा कोट शिवायला टाकला होता. अंगणात मालनचा हात धरून हळूहळू चालायचा सराव करायचे, आणि पोरगी हसायची. चतुराबाई मंदिराच्या पायरीवरून झाडू हातात धरून ते बघायची.

त्या वर्षीचा नाताळाचा आदला रविवार आला. जालन्याचे सोयरेही मुद्दाम बाभळीचा नाताळ बघायला आले होते, पुढच्या ओळीत बसले होते. पाळक दिनकरराव तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी एकेक घर पुकारलं. घंटा लागल्या, पाखरं लागली. किशनराव आपला हवालदार घेऊन पुढं झाले, तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"थांबा, पाळकसाहेब. त्येंचा गोळा लागत न्हाई. भांडण हाय."

चतुराबाई ओळींच्या मधून पुढं चालत आली. एवढ्या लोकांत ती कधी बोललेली नव्हती, त्यामुळं मागची माणसं उभी राहिली.

"कुणाचं भांडण, बाई?" दिनकररावांनी विचारलं.

"किशनरावला ठावं हाय." तिनं चंची उघडली आणि मेजावरच्या पांढऱ्या कापडावर टोपणं ओतली. "कोठीच्या हिरीतल्या गाळात घावली. दुष्काळात. संगं काचा बी होत्या, खंडीभर."

टोपणावरची चांदणी मिशनवाडीत कुणाला ओळखायची बाकी नव्हती. या वेळी खरोखरच ओळखायची वस्तू समोर होती. धुरपताबाईच्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं.

किशनरावांनी टोपणं पाहिली, मग सोयऱ्यांकडं पाहिलं, मग लेकीकडं. भित्र्या माणसाला पळायला एकच वाट दिसली की तो तिच्यातून धावतच सुटतो. त्यांना वाट दिसली ती जोडीच्या गोळ्याची. बोलून टाकावं, गोळा लावावा, भांडण मरेल, लग्नाला अजून दिवस आहेत. आणि ते बोलायला लागले. धबधबा फुटावा तसे बोलायला लागले.

"माझ्या हातून पडलं," ते म्हणाले. "फळीवर ठेवायला गेलो आन पडलं. समदे फुटले. मड्डमला काय सांगू? मी हिरीत टाकलं. सूर्यभाननं दिलं होतं माझ्या हाती. त्यानं चोरी केली न्हाई. मी खोटं बोललो. देवाम्होरं सांगतो, मी खोटं बोललो." ते गुडघ्यावर बसले. रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "वैनी, माफ करा. हात लावा गोळ्याला. लावा हात."

त्यांनी हवालदार पुढं धरला. सगळं मंदिर चतुराबाईच्या हाताकडं बघत होतं. दिनकरराव हळूच म्हणाले, "लावा बाई. त्यांनी सगळं कबूल केलं."

चतुराबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पाळकसाहेब, नेम काय हाय?" तिनं विचारलं. "ज्याचं भांडण, त्याचा हात. माझं कुठं भांडण हाय यांच्यासंगं? मला काम दिलं यांनी. उपकार हाईत माझ्यावर. भांडण सूर्यभानचं हाय. त्यानं इथं हुबं राहून गोळा मागितला होता, तवा यांनी हात दिला न्हाई. आता यांना पायजे. तर जावा म्हणावं, त्याला इचारा. कुंपणाच्या भाईर हाय तो. त्याचा हात घेऊन या आन टांगा."

नेम मड्डमचा, आणि तो चतुराबाईनं अक्षर न अक्षर पाळला होता. किशनराव गोळा धरून तसेच बसून राहिले. शेवटी दोघांनी त्यांना धरून उठवलं आणि दाराजवळ नेऊन बसवलं, जिथं सूर्यभान शेवटचा बसला होता तिथं. चतुराबाईला आनंद झाला. लाज वाटली असं म्हणायला पाहिजे, पण वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली गडीमाणसं कुदळी घेऊन दफनभूमीकडं गेली. ज्यांनी माना हलवल्या होत्या तेच पुढं होते. कुंपण उपटलं आणि सूर्यभानच्या मातीच्या पलीकडून परत घातलं. दिनकररावांनी आत उभं राहून प्रार्थना केली. मग ते चतुराबाईकडं आले.

"आता सूर्यभान आत आले, बाई."

"आले, बरं झालं," ती म्हणाली. "उठून मंदिरात आले म्हंजे सांगा."

लग्नाच्या आधी मालन आली. चतुराबाई दारात तांदूळ निवडत होती. पोरगी समोर बसली, तिनंही सुपातले खडे वेचायला सुरुवात केली. मग म्हणाली, "काकू, बाबा जेवत न्हाईत."

"सूर्यभान बी जेवायचा न्हाई."

"मला हात धरून न्यायचंय त्यांना. एवढंच मागायलेत. मी बी मागायले. माझ्यासाठी करा, काकू."

चतुराबाईचे हात थांबले. ओढणीखालची ती गरम भाकर तिला आठवली, हे खोटं कशाला सांगा. घटकाभर तिचं मन इकडचं तिकडं झालं. एक गोळा, एक हात, संपलं. पोरगी हसत मेजापर्यंत गेली असती. पण मग तिला कुंपणाच्या आतून प्रार्थना म्हणणारे ते जुने पाळक दिसले, आणि बाहेर, नुसत्या फडक्यात गुंडाळलेला तिचा माणूस.

"तुझ्या लग्नाला मी येईन," ती म्हणाली. "जेवीन बी. तुझ्यावर माझा राग न्हाई, पोरी."

"बाबानं एक माणूस भाईर काढला," मालन उठत म्हणाली. "तुमी बी एकच काढायलाव. मग फरक काय ऱ्हायला?"

"काहीच न्हाई," चतुराबाई म्हणाली. "बराबर बोललीस."

आणि तिनं पुन्हा सूप हातात घेतलं.

लग्न झालं. मालनला मामानं हात धरून पुढं नेलं. जाताना ती दाराजवळ एकदा थांबली, बापाकडं पाहिलं आणि चालू लागली. नवा कोट घालून किशनराव चौकटीला पाठ लावून उभे होते. सगळी मंडळी नवरीकडं बघत होती. मागच्या ओळीतली चतुराबाई तेवढी मान वळवून दाराकडं बघत होती, आणि सगळं होईपर्यंत तिनं मान फिरवली नाही.

मग मांडवात पंगत बसली. मांडवाला नेम नव्हता, तिथं किशनरावांना फिरायला मोकळीक होती. लेकीच्या बापानं शेवटी स्वतः बुंदी घेऊन पंगतीतून फिरायचं आणि प्रत्येकाला आग्रह करायचा, हेही रीतीचंच. सोयरे बघत होते. किशनराव बुंदीचं पातेलं घेऊन एकेका पत्रावळीपुढं वाकत, वाढत, पुढं सरकत चतुराबाईपाशी आले. दोन्ही बाजूंच्या माणसांचे घास हातातच राहिले.

त्यांनी बुंदी वाढली. चतुराबाईनं ती खाल्ली, एकेक दाणा वेचून, सावकाश.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "वाढा."

त्यांनी वाढली.

"आणखी वाढा, किशनराव. तुमच्या घरी कितीक दिसानं जेवायले."

ते वाकलेले होते, कोटाची बटणं पत्रावळीला टेकत होती. डाव पातेल्याच्या बुडाला लागून आवाज करत होता. जेवणारा पुरे म्हणेपर्यंत वाढणाऱ्यानं पुढं सरकायचं नसतं. चतुराबाई त्यांच्याकडं बघत राहिली, घास चावत राहिली, आणि पुरे म्हणाली नाही.